पाण्याच्या मशीनला गाव कशाला?

लिंबायत, सुरत
रविवार, ११ जानेवारी २०२६

लखन,
आणि तुझ्या दुकानात बसून हे पत्र ऐकतील त्या योगेशला, तुझ्या बायकोला वैशालीला आणि तुझ्यासारखीच पाण्याची मशीनं भाड्यानं देणाऱ्या सगळ्या ठेकेदारांना,

आपण खानदेशातून या शहरात आलेली माणसं. आपलं एक दुखणं सारखं आहे. कोणीही दारात उभं राहून आपल्याला काहीही विचारतं, आणि आपण सांगतो. खोली देणारा विचारतो, घरात बायका किती. गॅसवाला विचारतो, लग्न झालंय का. मोबाइलचं कार्ड विकणारा आधारची झेरॉक्स ठेवून घेतो आणि पुढच्या आठवड्यात त्याच कागदात कोणाला तरी भजी बांधून मिळतात. एखाद्यानं विचारलं नाही तर उलट आपल्यालाच चुकल्यासारखं वाटतं. भावांनो, बहिणींनो, पाणी गाळायच्या मशीनला तुमचं गाव कशाला लागतं?

इथपर्यंत मी आज सकाळी चौकात बोलले. नीट बोलले. शेजारच्या सरलाबाई मागून म्हणाल्या, "बोल शोभा, बोल." पुढचं सगळं तोंडात तयार होतं, पण ते बोलावंसं वाटेना. मी माइक खाली ठेवला. लोकांना वाटलं वीज गेली. कोणीतरी स्पीकरची वायर हलवून बघितली. मग मी माइकशिवाय एकच वाक्य बोलले. "हर्षदा सुरतेत आहे हे ज्यानं तिच्या गावी फोन करून सांगितलं, तो माझा सख्खा भाऊ आहे."

ते तुझ्यापर्यंत पोचलेलं दिसतं. दुपारपासून तू फोन उचलत नाहीस. म्हणून हे पत्र. उद्या वैशाली खडे लावायच्या साड्यांचा गठ्ठा न्यायला येईल, तिच्या पिशवीत टाकीन.

हर्षदा कोण ते तुला माहीत आहे. ऐकणाऱ्यांसाठी सांगते. ती माझ्या वरच्या खोलीत राहायची. माहेर पारोळ्याकडचं. नवरा धर्मेंद्र, शिरपूरकडचा. त्याच्या घरातून निघाली तेव्हा तिच्या डाव्या कानाला ऐकू येत नव्हतं. अजून येत नाही. माहेरच्यांनी तिला आधी दोनदा परत नेऊन सोडलं होतं, म्हणून या वेळी तिनं माहेरीही कळवलं नाही. इथे येऊन साडीवर खडे चिकटवायला शिकली. हात बसला. वर्षभर बरं चाललं.

मग तिनं तुझ्याकडून पाण्याचं मशीन भाड्यानं घेतलं. बसवायला तुझा माणूस आला, योगेश. भिंतीला भोक पाडता पाडता त्यानं विचारलं, "कोना गावनी शे तू, बहीण?" आपल्या बोलीत कोणी असं विचारलं की तोंड आपोआप उघडतं. तिनं गाव सांगितलं. "कोनी पोर?" तिनं मामाचं नाव सांगितलं. योगेशनं ते फोनमधल्या रकान्यात भरलं. तू मामाला फोन लावलास. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गावी लावतोस तसाच.

पुढे गावात कोणाची तरी हळद होती. हळदीला बायका बसल्या, तिथे मामाकडची बातमी निघाली आणि शिरपूरपर्यंत पोचली. त्यानंतरच्या मंगळवारी धर्मेंद्र आमच्या गल्लीत होता.

हर्षदा मागच्या जिन्यानं उतरली आणि शेजारच्या लूमच्या खात्यातून, मागांच्या मधून वाट काढत पळाली. चपला जिन्यातच राहिल्या. धर्मेंद्र तिच्या खोलीत जाऊन बसला. तिनं करून ठेवलेला स्वयंपाक त्यानं खाल्ला. वरून मला मशीनचं पाणी पेल्यात पडल्याचा आवाज यायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोलीस येऊन त्याला घेऊन गेले. तोवर मी खाली बसून साडीला खडे लावत होते. एकही खडा वाकडा लागला नाही. नंतर मी मुद्दाम तपासून बघितलं.

ती आता कुठे आहे ते मी लिहीत नाही.

उत्तर दे. रागाचं दिलंस तरी चालेल.

तुझी ताई,
शोभा


लिंबायत
गुरुवार, १५ जानेवारी

लखन,

तुझा निरोप वैशालीनं तुझ्याच आवाजात सांगितला. नक्कल छान करते. अगदी तुझ्यासारखी मान तिरकी करून म्हणाली, "ताईला म्हणावं, तुझ्या भाषणाला टाळ्या मिळतात. माझ्या मशीनला कुलूप नसतं."

आणि पुढे: "लिंबायतचा माणूस सकाळी एका खोलीत असतो, संध्याकाळी दुसऱ्या. जाताना माझं मशीन गाद्यांमध्ये गुंडाळून नेतो. मी त्याला शोधू कुठे? गावचा माणूस माहीत असला की मशीन परत येतं. मला काय लोकांच्या घरात डोकावायची हौस आहे?"

हौस नाही, हे मला माहीत आहे. तो लोटू तुझं मशीन घेऊन पार सचिन भागात राहायला गेला होता आणि त्याच्या सासऱ्याला फोन केल्यावर ते आपोआप परत आलं, हेही माहीत आहे. तुझं म्हणणं खोटं नाही. मशीन तुझ्या जबाबदारीवर आहे आणि कंपनी तुझंच मानगूट धरते. पण कंपनीच्या कागदावर रकाने किती आहेत, ते योगेशनं मला दाखवलंय. नाव, फोन, पत्ता. बाकीचे तू वाढवलेस. गाव. माहेर किंवा सासर. गावातला ओळखीचा माणूस. घरात कोण कोण, कोण कुठे कामाला. आणि शेवटी मशीनशेजारी उभं राहून फोटो. मशीन बुडू नये म्हणून अनामत थोडी वाढवली असतीस तरी भागलं असतं. पण माहिती फुकट मिळते. विचारली की मिळते. म्हणून घेतलीस.

लोकांच्या माहितीबद्दल नवा कायदा आला आहे, मी वाचला. पूर्ण लागू व्हायला अजून वेळ आहे म्हणतात. त्यात साधी गोष्ट आहे. ज्या कामासाठी हवी तेवढीच माहिती घ्यावी आणि काम संपलं की पुसावी. एरवी या एका कलमावर मी चौकात तासभर बोलले असते. आज चार ओळींत संपलं.

वैशालीला मी विचारलं, मामाला फोन केलास तेव्हा तू नक्की काय बोललास. फोन केलास तेव्हा ती तुझ्या शेजारीच भाकरी थापत होती. तिला शब्दन्‌शब्द आठवतो.

"मामा, रामराम. तुमची भाची आमची गिऱ्हाईक आहे. ओळखता ना?"

"आमनी पोर शे ती. कोठे शे?"

"लिंबायतला. एकदम मजेत. स्वतः कमावते, मशीनचं पाणी पिते. तुम्ही काही काळजी करू नका."

मामा रडला म्हणे. तुझेही डोळे भरून आले. फोन ठेवून तू वैशालीला म्हणालास, बघ, म्हाताऱ्याला किती बरं वाटलं.

लखन, दुसरा कोणी ठेकेदार असता तर नाव पडताळून त्यानं फोन ठेवला असता. आपण खुशाली सांगितल्याशिवाय फोन ठेवत नाही. गावाकडून आलेल्याला आपण आधी गाव विचारतो, मग कोणाचा ते विचारतो, आणि ते कळलं की तो आपला झाला, त्याच्या घरी निरोप पोचवणं आपलं काम झालं. आपल्या आईनंही आयुष्यभर हेच केलं. दारात आलेला भंगारवाला गाव सांगायच्या आधी पाणी प्यायला नसेल. पण आईचं विचारणं उंबऱ्यावर संपायचं. तुझं विचारणं फोनमध्ये राहतं आणि गावापर्यंत जातं.

तुझ्या मनात वाईट नव्हतं. हे मी लिहून देते. त्यानं हर्षदाचं काय होणार, ते मला कळत नाही.

शोभाताई


लिंबायत
गुरुवार, २२ जानेवारी

लखन,

आज योगेश सरलाबाईंच्या मशीनचा फिल्टर बदलायला आला होता. जाताना माझ्या दारात थांबला. तोंडभर हसत म्हणाला, "शोभाताई, तुमच्या हर्षदाताईचं मशीन लावून दिलं. नवीन जागी."

मी हातातला खडा खाली ठेवला.

"तुला जागा कोणी सांगितली?"

"तिनंच. मला फोन केला होता, मशीन घेऊन जा म्हणाली, दुसऱ्याची वस्तू आहे, बोजा नको. मी म्हटलं, घेऊन कशाला जाऊ? तिकडे काय पाणी पीत नाहीस? तुम्ही घरी नव्हतात तेव्हा इथून काढलं, तिथे लावलं. ताई, गाडीभाडंपण घेतलं नाही."

तो शाबासकीची वाट बघत होता.

"गाव विचारलंस का परत?"

"नाही, ते आधीचंच आहे की."

"फोटो काढलास?"

"काढावाच लागतो. फोटोशिवाय फोनमध्ये काम पुरं होत नाही. जागा पण आपोआप पडते नकाशावर."

"पुसून टाक."

"माझ्याकडून नाही पुसलं जात. एकदा पाठवलं की लखनभाऊंच्या फोनमध्ये." मग त्याचं हसू हळूहळू कमी झालं. "ताई, काय झालं?"

मी सांगितलं. गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, पण तो तेव्हा उधना भागात कामाला होता आणि माझं पहिलं पत्र तू दुकानात वाचून दाखवलंच नाहीस, त्यामुळे त्याला अर्धवटच ठाऊक होतं. हळदीचं माहीत नव्हतं. तो तिथेच पायरीवर बसला. त्याच्या हातातून जुना फिल्टर ठिबकत होता.

"तुला तिचा पत्ता आठवतो?" मी विचारलं.

"ताई, दिवसभर इतके जिने चढतो की संध्याकाळी माझी खोलीपण मला गिऱ्हाइकाची वाटते. बेल वाजवून उभा राहतो. बायको हसते." मग म्हणाला, "मला काही आठवत नाही. कोणीही विचारू दे."

त्याला आठवतं. तो कोणाला सांगणार नाही. तेवढं मला कळतं.

म्हणजे आता ती जागा तुझ्या फोनमध्ये आहे. मी कोणाला सांगितली नाही, वैशालीलाही नाही. तिची केस बघणाऱ्या वकिलीणबाईंना सोडून कोणाला माहीत नाही, असं मी समजत होते. एकदा येऊन जा. पत्रात बोलण्यासारखं हे नाही.

पेला भरून पाणी प्यायले आणि पुन्हा कामाला बसले. हिरव्या साड्या आहेत. शनिवारपर्यंत द्यायच्या आहेत.

शोभाताई


लिंबायत
मंगळवार, २७ जानेवारी

लखन,

काल तू आलास. गाडीवरून उतरला नाहीस. गाडी चालूच ठेवलीस.

"ताई, चहा नको आणि भाषण नको."

"भाषण बंद आहे."

"मग गल्लीत शांतता असेल."

सरलाबाई खिडकीतून हसल्या. मीही हसले असेन. मग तू जे बोललास ते मी इथे लिहून ठेवते, कारण काल ऐकताना ते लांबून कोणी दुसऱ्याला सांगतंय असं वाटत होतं. लिहिलं की कदाचित ते मला उद्देशून होतं असं वाटेल.

तू म्हणालास, पोलिसांनी सोडल्यापासून धर्मेंद्र दुकानात येतो. तीन-चारदा आला. वैशालीच्या मावशीच्या घरात त्याची बहीण दिलेली निघाली, म्हणजे तो आपला सोयराच. तुला मामा म्हणतो. दारू सोडली आहे, माळ घातली आहे. तुझ्यासमोर रडला. योगेशच्या हातून पडलेले पाइप उचलून ठेवतो, गिऱ्हाइकांना पाणी देतो. म्हणालास, "ताई, पाया पडला माझ्या. एवढा मोठा माणूस."

"मग?"

"मग काय? रविवारी दुकानात बैठक लावतो. त्याच्याकडची दोन माणसं, आपल्याकडची दोन. त्या पोरीचा नवा पत्ता फोनमध्ये आलेला आहे. मी अजून उघडून बघितला नाही, लपून काही करायचं नाही मला. रविवारी चार माणसांसमोर काढतो आणि सगळे मिळून तिच्याकडे जातो. संसार जुळला तर तुझं-माझं भांडणपण मिटलं."

"तिला विचारलंस?"

"तिला विचारायलाच तर जायचंय."

हे तू अगदी मनापासून म्हणालास. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. तुझ्या डोळ्यांखाली काळं आलंय, वैशालीला सांग, जागरण करू देऊ नकोस.

मला राग आला नाही. यायला हवा होता. शेठनं बायकांची मजुरी कापली तेव्हा मी त्याच्या ऑफिसातल्या टेबलावर चढून बोलले होते, तू खाली उभा राहून माझ्या चपला सांभाळल्या होत्यास. काल तसं काही वर आलं नाही. तू गेलास. गाडीचा धूर गल्लीत राहिला. मी दार ओढून घेतलं.

शोभाताई


लिंबायत
शनिवार, ३१ जानेवारी

लखन,

हे पत्र फक्त तुला. दुकानात मोठ्यानं वाचू नकोस, तिथे धर्मेंद्र बसलेला असेल. वैशाली तुला जेवताना देईल.

काल हर्षदाला भेटून आले. जागा लहान आहे, पण उजेड आहे. तिनं मला मशीनचं पाणी दिलं आणि उजवा कान माझ्याकडे करून बसली. मी तिला रविवारच्या बैठकीचं सांगितलं. सगळं सांगितलं. धर्मेंद्रनं माळ घातली तेही, तुझ्यासमोर रडला तेही.

ती म्हणाली, "तो दर वेळी रडतो, ताई. कान गेला त्या दिवशी पण रडला होता. डॉक्टरांसमोर सगळ्यात जास्त तोच रडला."

मी म्हटलं, आजच्या आज दुसरीकडे जाऊ. मी सोय करते.

ती उठून साडी घेऊन बसली. तिच्याकडे आता शेजारच्या दोन बायका काम शिकायला येतात. म्हणाली, "मी आता जिना उतरणार नाही. आला तर इथेच बसून राहीन. मला पळायचा कंटाळा आला." तिनं हे भिऊन म्हटलं असतं तर मी समजूत काढली असती. ती खडे लावता लावता म्हणाली. डिंक वाळायच्या आत पुढचा खडा लावायचा असतो, म्हणून वर बघितलंही नाही.

पुढच्या आठवड्यात कोर्टाची तारीख आहे. धर्मेंद्रनं तिच्या जवळ येऊ नये असा आदेश आम्ही मागितला आहे. वकिलीणबाई म्हणतात, मिळेल. तोवर तो तिच्या दारात पोचायला नको, एवढंच आहे. आणि पोचायला रस्ता एकच उरला आहे. तो तुझ्या खिशात आहे.

तू म्हणशील, मी त्याला शब्द दिला आहे. चार माणसांना सांगून बसलोय. तू शब्द मोडत नाहीस आणि खोटं बोलत नाहीस. या गल्लीत तुझ्याकडून लोक मशीन घेतात ते त्यासाठीच. मी तुला खोटं बोल म्हणत नाही. उद्या धर्मेंद्रनं सगळ्यांसमोर विचारलं, "मामा, पत्ता काढा," तर तू म्हणावंस, "माझ्याकडे नाही." आणि ते खरं असावं. तू अजून तो उघडून बघितलेला नाहीस, हे तूच मला गाडीवर बसून सांगितलंस. त्यामुळे हे अजून जमण्यासारखं आहे. उद्या जमणार नाही. एकदा वाचलास की तो तुझ्या डोक्यात जाईल, आणि तुझ्यासमोर कोणी रडलं की डोक्यातलं तोंडात येतं. तुझं तसंच आहे. लहानपणापासून तसंच आहे.

मशीन बुडालं असं धर. कंपनीला काय सांगायचं ते आपण दोघं मिळून बघू, मी तुझ्याबरोबर येईन. बाकीच्या गिऱ्हाइकांचं गाव, माहेर, सासर याचंही बोलायचं आहे, पण ते नंतर. आज एकच.

योगेशनं मला दाखवलंय. यादीत नावावर बोट दाबून धरलं की पुसायचं का म्हणून विचारतं. नाव उघडावं लागत नाही. तुझं ताट बाजूला सार. फोन हातात घे. वैशालीला शेजारी बसव. यादीत खाली जा, हर्षदाच्या नावावर बोट ठेव, आणि आतलं काहीही न वाचता पुसून टाक.

ताई